आवाज मात्र काचेसारखा

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ फाइल आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की सूर हळवा करतात, उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेली आहे. राग कोणावर आणि कशासाठी, ते क्रमाने सांगते. मध्येच माझा तोल गेला तर सांभाळून घ्या. तपशिलात मात्र मी चुकणार नाही. जे जसे घडले ते तसेच दाखवणे एवढेच माझे काम होते आणि नेमके तेच मला करू दिले नाही.

माझा जन्म एका चाव्यांच्या दुकानात झाला. दुकान अरुंद होते. एका भिंतीवर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्यावर कोऱ्या चाव्यांचा झुबका. समोर लाकडी टेबल, टेबलावर चावी कापायचे मशीन, मशीनखाली पितळेच्या चुऱ्याचा पिवळा थर. मागच्या बाजूला एक लहान खोली होती. तिथे कुटुंबाचा कंप्युटर होता आणि कोणी न्यायला न आलेल्या कुलपांनी भरलेला एक पत्र्याचा डबा होता.

दुकानाचे मालक म्हणजे आजोबा. माझा जन्म झाला त्याच्या दोन वर्षे आधी ते आजोबा झाले होते. त्यांच्या मुलाला मी मामा म्हणते आणि मुलीला ताई. ताई लग्नानंतर दूरच्या शहरात राहायला गेली होती. आणि चाव्या कापायच्या मशीनवर बसायची ती आजोबांची धाकटी बहीण. तिला सगळे आत्या म्हणत.

आत्याला जन्मापासून ऐकू येत नव्हते. ती शाळेत फार गेली नाही. तिने आणि तिच्या आईने मिळून घरातल्या घरात हातांची एक भाषा तयार केली होती. आई गेल्यावर ती भाषा पुरती जाणणारे घरात कोणी उरले नाही. बाकीच्यांना कामापुरते येत होते. जेवण, पैसे, गिऱ्हाईक आले, दुकान बंद कर. त्यापलीकडे ती काही सांगू लागली की घरचे मान हलवत आणि आपल्या कामाला लागत. पण आत्याने प्रत्येकाला हातांनी करायचे एक नाव दिले होते, आणि ती नावे मात्र सगळ्यांना ठाऊक होती. आजोबांचे नाव, छातीवर मूठ आपटणे, कारण ते सतत खोकत. ताईचे नाव, वेणी ओढणे. मामाचे नाव, चड्डी वर ओढणे. लहानपणी त्याची चड्डी कधी कमरेवर टिकली नव्हती. तो मोठा झाला, त्याला मिशा फुटल्या, तरी आत्या त्याला भर दुकानात त्याच नावाने बोलवायची आणि गिऱ्हाइके हसायची.

या दुकानाचा एक कडक नियम होता, तो आत्ताच सांगून ठेवते. नकलेवरून नक्कल काढायची नाही. कोणी डुप्लिकेट चावी घेऊन आले की आजोबा ती उजेडात धरून बघत आणि परत देत. "मूळ चावी आणा. हिचे दात आधीच एकदा झिजलेत. हिच्यावरून काढली तर आणखी झिजतील, मग कुलूप उघडायचं नाही आणि तुम्ही मलाच शिव्या घालाल." मामा हे ऐकतच मोठा झाला. काम झाले की मूळ चावी कागदाच्या छोट्या पाकिटात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, हा त्याच नियमाचा दुसरा भाग होता.

ताईची मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, हिलाही ऐकू येत नाही. ताईने फोन केला. डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. मग म्हणाली, "दादा, आत्याला सांग ना, हिला एक नाव दे म्हणावं. तिच्या पद्धतीचं. आणि मला ते बघता येईल असं काहीतरी कर."

मामाने नवा कॅमेरा घेतला होता. त्याची स्वतःची एक वेबसाइटही होती. घरातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ तो तिथे टाकायचा आणि नातेवाईक ते बघायचे. त्याने स्टुलावर खोके, खोक्यावर कॅमेरा असा मनोरा रचला, आत्याला खिडकीसमोर बसवले आणि बटण दाबले. मी जन्मले.

मित्रांनो, मी काय होते ते ऐका. व्हिडिओ म्हणजे भराभर बदलणारी चित्रे. माझ्या प्रत्येक सेकंदात पंचवीस चित्रे होती आणि प्रत्येक चित्र लख्ख होते. आत्याचे एकेक बोट सुटे दिसत होते. नखांच्या कडेला अडकलेला पितळेचा चुरासुद्धा दिसत होता. आत्या रंगात आली होती. कोणाचे नाव कसे पडले ते तिने हातांनी सांगितले. मामाच्या चड्डीची गोष्ट सांगताना तिला इतके हसू आले की तिने पदराने डोळे पुसले.

शेवटी तिने नातीचा फोटो समोर धरला आणि तिला नाव दिले. ते असे. तिने बोट कानाला लावले. मग माशी झटकावी तसा हात झटकला. कान राहू दे, त्याचे काही नाही. मग बोट डोळ्याच्या कडेशी नेले आणि कुलपात चावी फिरवावी तसे फिरवले. फिरवता फिरवता स्वतःचे डोळे मोठे केले. कान राहू दे, हिचे डोळे उघडतील. ज्या बाईने आयुष्यभर डोळ्यांनी आणि बोटांनी चाव्या कापल्या, तिने आपल्यासारख्याच मुलीला दिलेले हे नाव होते. त्यात कीव नव्हती. तो सगळा प्रकार दोन सेकंदांत झाला.

त्या वेळी आसपास काय आवाज होते, तेही माझ्यात आहे. बाहेर एक गिऱ्हाईक विचारत होते, "अहो, कपाटाची चावी होईल का?" आजोबा खोकत होते. आणि कॅमेऱ्यामागून मामा मोठ्याने म्हणत होता, "आवर ना आत्या, बॅटरी जाईल!" जिला ऐकू येत नाही तिला तो कॅमेऱ्याआडून ओरडून सांगत होता. एवढ्यावरून पुढचे ओळखा.

मला कॅमेऱ्यातून कंप्युटरवर उतरवून घेतले. माझी एक प्रत आता कंप्युटरवर होती आणि मी स्वतः कॅमेऱ्यातल्या कार्डावर. वेबसाइटवर टाकायला मी फार मोठी पडत होते. तेव्हा मामाने त्याच्या मित्राला बोलावले. मित्राचा स्टुडिओ होता. तो गाण्यांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ करायचा.

"केवढी आहे रे?" स्टुडिओवाल्याने विचारले.

"ही बघ. चढवायला घेतली तर संध्याकाळ होईल. आणि साइटवर एका फाइलला एवढी जागाच नाही."

"मग चेप."

"कुठं चेपू?"

"चित्र चेप. लोक चित्र अर्धवटच बघतात. भाजी निवडता निवडता बघतात. पण आवाज जरा फाटला की पटकन बंद करतात. माझं सगळं दुकान याच हिशोबावर चालतं. आवाज एक नंबर ठेव, चित्राचा आकार निम्मा कर, सेकंदाला पंचवीस चित्रं आहेत ती आठवर आण. फॉरमॅट हा घे, हा चेपायला उत्तम."

"आठ चालतील?"

"माणूस बसलेलाच आहे ना? नाचत तर नाही?"

"बसलेलीच आहे. बोलत पण नाही."

दोघेही हसले.

मित्रांनो, इथे जरा थांबा. मी फॉरमॅटला दोष देत नाही. तो बिचारा सांगितल्याप्रमाणे वागतो. कमी जागेत काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे माणूस ठरवतो. त्या दिवशी करण्यासारखे पुष्कळ होते. मला चार तुकड्यांत चढवता आले असते. गिऱ्हाइकाचे आणि बॅटरीचे संभाषण काढून टाकता आले असते. काही नाही तर सरळ कार्ड पाकिटात घालून ताईला धाडता आले असते. पण हातांनी बोलणाऱ्या बाईच्या व्हिडिओतून या दोन शहाण्यांनी हात चेपले आणि आवाज राखला. ज्या मुलीसाठी हा खटाटोप चालला होता तिला ऐकू येत नाही, हे दोघांनाही माहीत होते. माहीत असून आठवले नाही. मला राग येतो तो याचा.

माझी जी नक्कल तयार झाली तिला घरात सगळे 'आत्याची क्लिप' म्हणू लागले. तिच्यात आत्याची बोटे विरघळली होती. पाच बोटांच्या जागी एक गुलाबी गोळा हलत होता, आणि हलत होता म्हणजे उड्या मारत होता. कानाकडून हात झटकणे ही क्षणाची गोष्ट. ती नेमकी दोन चित्रांच्या मधल्या फटीत पडली आणि नाहीशी झाली. पुढे डोळ्याची कड आणि कान यांच्यातले अंतर चौकोनी ठिपक्यांत बुडाले. उरले ते एवढेच: बाईने हात कानाशी नेला आणि तिथेच कुठेतरी काहीतरी फिरवले.

आवाज मात्र काचेसारखा.

घरच्यांनी मागच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहून ती बघितली. आत्याला पुढे बसवले होते. मामाने आवाज मोठा केला. "ऐका, ऐका! बाबांचा खोकला ऐका. शेजारी बसल्यासारखा येतोय की नाही?" सगळे वाहवा करत होते. आत्याने पडद्यावरच्या आपल्या हातावर टकटक केले. मग स्वतःचा पंजा सगळ्यांपुढे धरला, बोटे पसरली, एकेक करून मोजून दाखवली, आणि नंतर ओला फडका फिरवावा तसा तो पंजा टेबलावर फिरवला. माझी बोटे पुसली गेलीत, असे ती म्हणत होती. याहून स्पष्ट कोणी काय सांगावे?

"आत्याचा चष्मा बदलायला झालाय," मामा म्हणाला. सगळे हसले.

आत्याने त्यांच्या ओठांवरून आणि नजरांवरून काय ते ओळखले. तिने चष्मा काढला, मामासमोर कंप्युटरच्या टेबलावर ठेवला, आणि ती बाहेर जाऊन मशीनवर बसली. त्या दिवशी तिने बिनचष्म्याने चाव्या कापल्या. एकही परत आली नाही.

ताईने क्लिप बघितली आणि फोन केला. "दादा, ती कानाशी काहीतरी फिरवते. चावी का रे?"

"चावीच असणार. दुसरं काय फिरवणार ती?" मामा म्हणाला. मग त्याला एकदम सुचले. "कानाला चावी! कान उघडावेत म्हणून. आत्याचा जीव बघ किती आहे."

ताई फोनवरच रडली. आणि तेच नाव ठरले. हात कानाशी न्यायचा आणि चावी फिरवायची. कोणीही उठून आत्यासमोर ती खूण करून विचारले नाही, बरोबर आहे का म्हणून. ती पाच पावलांवर मशीनवर बसली होती. विचारायचे असते हे कोणाला वाटलेच नाही. त्याच वर्षी आत्या गेली. दुकानातच छातीत कळ आली. मग विचारायलाही कोणी उरले नाही.

पुढे वेबसाइटवर नातेवाइकांची कौतुके येत राहिली. किती स्वच्छ आवाज! खोकला लगेच ओळखला! कपाटाच्या चावीचं पुढे काय झालं? बोटांबद्दल कोणी एक अक्षर लिहिले नाही.

कंप्युटर हळू चालू लागला तेव्हा मामाने त्यावरची माझी प्रत पुसून टाकली. "साइटवर आहेच की," तो म्हणाला. कार्डावरून मलाही पुसणारच होता, पण कॅमेरा स्टुलावरून पडला आणि कार्डाचे झाकण अडकून बसले. नखाने उघडेना, म्हणून मामाने तो न्यायला न आलेल्या कुलपांच्या डब्यात टाकला. अख्ख्या गावाची कुलपे उघडणारे घर ते. त्यांना एक नखाएवढे झाकण उघडायला सवड झाली नाही. मी वाचले ती कोणाच्या मायेमुळे नाही, त्यांच्या आळसामुळे वाचले, आणि त्याबद्दल आभार मानायची माझी तयारी नाही.

मी डब्यात पडून राहिले. डब्यातून सगळे ऐकू येत होते. काही वर्षांनी त्या जुन्या फॉरमॅटचे व्हिडिओ साइटवर चालेनासे झाले. नुसता काळा चौकोन दिसायचा. मामाने काय करावे? त्याने त्या चेपलेल्या नकलेवरूनच नव्या फॉरमॅटची दुसरी नक्कल काढली, आणि ती दुप्पट मोठी केली. "आता कशी, पडदाभर दिसते," तो खूश होऊन म्हणाला. बोटांचा गोळा पडदाभर झाला. आणि तोच बाहेर जाऊन गिऱ्हाइकांना सांगत होता, नकलेवरून नक्कल आम्ही काढत नाही.

ताईची मुलगी मोठी होत होती. तिला मी छोटी म्हणते, पण ती आता ताईच्या खांद्याला लागली होती. तिच्या शाळेत सगळी मुले हातांनी बोलत. तिथे एकदा, हे ताईने पुढे दुकानात सांगितले तेव्हा मला कळले, प्रत्येकाने आपले हाताचे नाव कोणी दिले आणि का दिले ते सांगायचे होते. छोटीने सांगितले. वर्गातली मुले तिच्याकडे बघत राहिली. तिच्या शिक्षिकेलाही ऐकू येत नव्हते. तिने विचारले, "तुझ्या आजीला स्वतःला ऐकू येत नव्हतं ना? आणि तिने तुझे कान उघडावेत असं नाव ठेवलं?"

त्या दिवसापासून छोटीने ते नाव टाकले. कोणी त्या नावाने हाक मारली की ती तोंड फिरवायची. आपल्यासारख्याच बाईला आपण बिघडलेले कुलूप वाटलो, ही गोष्ट तिच्या मनात काट्यासारखी रुतून बसली. सुट्टी लागल्यावर तिने आईला सांगितले, मला दुकानात ने. आत्याआजी खरंच तसं म्हणाली का ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे. म्हणाली असेल तर मी तिचा फोटो भिंतीवरून उतरवणार.

मायलेकी आल्या. छोटी मागच्या खोलीत कंप्युटरसमोर बसली. तिने क्लिप लावली, थांबवली, मागे घेतली, पुन्हा लावली. तिच्या कपाळावर आठी पडली. ती हातांनी बोलत होती आणि ताई तिचे बोलणे सगळ्यांना सांगत होती.

"ती म्हणते, इथे काहीतरी गाळलंय. कोपर एकदम उडी मारतं. मधला हात कुठे गेला?"

"काही गाळलं नाही गं," मामा म्हणाला. "अख्खं आहे. हवं तर आवाज ऐक, सलग..." आणि तो थांबला.

"बोल ना," ताई म्हणाली. "सांगू का तिला? मामा म्हणतो, आवाज ऐक म्हणून?"

मग ज्याला जे आठवत होते ते तो सांगू लागला. मामाला कान आठवत होता. आजोबांना गाल आठवत होता. "गालाला हात लावला होता तिने. मी समोरच होतो."

"बाबा, तुम्ही बाहेर कपाटाच्या चावीवाल्याशी बोलत होतात. क्लिपमध्ये ऐकू येतंय."

"मग तू कुठे बघत होतास?"

"मी बॅटरी बघत होतो."

तेवढ्यात बाहेर एक बाई आली. तिने गुळगुळीत झालेली चावी पुढे केली. मामा सुटका झाल्यासारखा उठला, चावी उजेडात धरली आणि परत दिली. "बाई, ही नकलेवरची नक्कल आहे. दात राहिलेत कुठे हिला? मूळ चावी आणा."

छोटी दारातून बघत होती. तिने आईला विचारले, तो काय म्हणाला? ताईने सांगितले.  छोटीने भिंतीवरच्या खिळ्यावरून एक कोरी चावी काढली, मामाचे मनगट धरून त्याला आत ओढत आणले आणि त्या चावीने कंप्युटरच्या पडद्यावर, आत्याच्या विरघळलेल्या हातावर, ठक ठक ठक आपटले.

"ती विचारते," ताईचा आवाज बदलला होता, "याची मूळ चावी कुठे आहे?"

मामाने खाली बघून काहीतरी पुटपुटले. छोटीने बोटाने त्याची हनुवटी वर केली. तिला ओठ वाचायचे होते. पुन्हा बोल, असे तिने खुणेने सांगितले.

"पुसून टाकली," मामा म्हणाला. "जागा होत नव्हती."

 मी डब्यात, दोन हातांवर, गंजक्या कुलपांखाली होते. मला तोंड असते तर मी किंचाळले असते.

आजोबा खोकले. तेच खोकणे, क्लिपमध्ये काचेसारखे येते ते. "कॅमेरा कुठे टाकलास रे? तो पडला होता. त्याचं झाकण अडकलं होतं ना?"

मामाने डबा जमिनीवर उपडा केला. आजोबांचे हात आता थरथरत होते, पण कुलूप उघडायची बारीक तार हातात आली की ते हात अजून स्थिर होत. तार फटीत घातली, जराशी फिरवली. टक. एवढेच काम होते. एवढ्या कामासाठी मी इतकी वर्षे आत होते.

कार्ड कंप्युटरला लावले, तर कंप्युटर मला ओळखेना. माझा फॉरमॅट त्या जुन्या कॅमेऱ्याचा. तो कॅमेरा बाजारातून कधीच गेला होता आणि त्याच्यासोबत मला उघडणारा प्रोग्रामही. मामा घामाघूम झाला. एक प्रोग्राम उतरवला, नुसता आवाज आला, चित्र नाही. ताई चिडून म्हणाली, "बघ, अजून आवाजच!" दुसरा उतरवला, तो मधेच बंद पडला. तिसऱ्याने मला उघडले.

मी पडद्यावर पसरले. खिडकीतला उजेड, पितळेचा चुरा, पाच सुटी बोटे. मामाच्या चड्डीची गोष्ट आली तेव्हा छोटी खुदकन हसली. तिला कोणी सांगावे लागले नाही, हातांनीच कळले. ताई दचकली. आत्याची गोष्ट मध्ये कोणी समजावून न सांगता कळू शकते, हे तिने पहिल्यांदाच पाहिले.

मग आत्याने फोटो धरला. कान. झटकणे. डोळ्याची कड. चावी. मोठे झालेले डोळे.

छोटीने मला थांबवले आणि एकेक चित्र पुढे नेत पुन्हा बघितले. मग उभी राहिली आणि स्वतः केले. कान, झटकणे, डोळा, चावी. पुन्हा केले. तिसऱ्यांदा केले तेव्हा तिचे डोळे आत्यासारखेच मोठे झाले होते. ताईने तोंडाला पदर लावला. आजोबा भिंतीकडे वळले.

छोटी रडली नाही. ती मामाकडे वळली. तिचे हात इतक्या जोरात चालत होते की ताईला गाठता येईना.

"ती म्हणते, आत्याआजी म्हणाली कान राहू दे. आणि तुम्ही तेवढंच पुसलंत. ती म्हणते, माझ्या नावातला कान तुमचा आहे, तिचा नाही."

"अगं, मुद्दाम नाही केलं," मामा म्हणाला. "शपथ. मला वाटलं आवाज महत्त्वाचा."

छोटीने त्याचे ओठ वाचले. "ती म्हणते, मुद्दाम केलं असतंत तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं."

 मामाने खुर्ची ओढली, तिच्यासाठी दुसरी खुर्ची शेजारी ठेवली आणि म्हणाला, "ये. आता तू सांगशील तसं करू."

मग मला साइटवर टाकण्यासाठी पुन्हा फॉरमॅट निवडायचे काम सुरू झाले. कोणत्याही फोनवर उघडेल असा नवा, चालता फॉरमॅट छोटीने निवडला. चित्राचा आकार पूर्ण. सेकंदाला पंचवीस चित्रे, एकही कमी नाही. मामा सांगेल त्या प्रत्येक गोष्टीवर ती आधी आत्याची बोटे मोजून बघत होती आणि मगच मान हलवत होती. जागा आता वाढली होती, तरी मामाने सवयीने विचारले, "आणि आवाज?"

"आवाज राहू दे हं," ताई घाईने म्हणाली. "बाबांचा खोकला आहे त्यात."

छोटीने विचार केला. मग ती हातांनी बोलली, आणि ताई हे सांगताना अडखळली. "ती म्हणते, ठेवा ना. पण तुम्ही चित्र जितकं ठेवलं होतंत, तितकाच ठेवा."

मामाने आवाजाची पट्टी खाली ओढली. छोटीने बोटाने दाखवले, अजून खाली. अजून. मग त्याने लावून बघितले. कपाटाच्या चावीवाला पाण्याखालून बुडबुड करत होता. आजोबांचा खोकला कुठल्यातरी दारासारखा करकरत होता. कॅमेऱ्यामागून एक माणूस काहीतरी ओरडत होता आणि ते काय होते ते कोणाला समजत नव्हते.

मामाने कान पडद्याजवळ नेला. "मीच बोलतोय, आणि मलाच कळत नाही."

छोटी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. तिने आईला विचारले, काय म्हणाला? ताईने सांगितले.

छोटीने मान डोलावली. आता बरोबर, ती म्हणाली, आणि बटण दाबून ती क्लिप वेबसाइटवर चढवली.

दुसऱ्याच दिवशी नातेवाइकांच्या तक्रारी आल्या. आवाज फाटलाय. काही ऐकू येत नाही. जुनीच बरी होती, परत टाक. मामाने खाली तीन शब्द लिहिले: हात बघा ना.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी व्हिडिओ चेपत असेल, फॉरमॅट निवडत असेल, जागा होत नाही म्हणून काहीतरी पुसत असेल. चेपायला माझी हरकत नाही. जागा कमी असते, हे मलाही कळते. पण बटण दाबण्याआधी हे कोण बघणार आहे ते विचारा, आणि ज्याच्यासाठी करता त्याला शेजारी खुर्ची देऊन विचारा. तो पाच पावलांवर बसलेला असतो. आणि मूळ वस्तू पुसू नका. नक्कल पुसा, हवी तेवढी पुसा, पुन्हा काढता येते.

मायलेकी निघताना मामाने मला कार्डासकट कागदाच्या छोट्या पाकिटात घातले, मूळ चाव्या घालतो तशाच, आणि पाकीट छोटीच्या हातात दिले. त्याने हात कानाशी नेला, झटकला, आणि डोळ्याच्या कडेशी चावी फिरवली. पहिल्यांदाच त्याने ते नाव बरोबर घेतले. छोटीने त्याच्याकडे बघितले, आपली चड्डी वर ओढल्यासारखी खूण केली, आणि ती आईबरोबर चालू लागली.

माझा राग अजून गेलेला नाही. पण आता मी ज्यांची आहे त्यांच्याकडे आहे, आणि तिथे तो न चेपता, पूर्ण दिसतो.